पाणी गेलं की घरी थांबू का लगेच निघू?

पत्र थोडक्यात असं: वाचक २७ वर्षांची, पहिलंच बाळंतपण, ३५वा आठवडा संपत आलाय. सासर नागपुरात बेसाला, माहेर उमरेडचं, आणि दाखवणं सुरू आहे धंतोलीतल्या एका प्रायव्हेट दवाखान्यात. मागच्या वर्षी तिच्या जाऊबाईंचं पाणी पहाटेच गेलं, कळा काही नव्हत्या, घाईघाईत सगळे दवाखान्यात पोचले आणि संध्याकाळी सिझर झालं. तेव्हापासून घरात पक्कं झालंय की लवकर गेलो म्हणून सिझर झालं. आता जाऊबाई सांगतात, पाणी गेलं तरी कळा जोरात येईपर्यंत घरीच थांब आणि डॉक्टरला टाइम विचारला तर चार तास उशिराचा सांग. सासूबाई म्हणतात एरंडेल घेतलं की कळा आपोआप येतात. आईचा हट्ट की नववा लागला की उमरेडला ये. नवरा म्हणतो तुम्ही बायकांनी ठरवा. वाचकाचा प्रश्न: मला नॉर्मलच हवीय, मग पाणी गेल्यावर किती तास घरी थांबलं तर चालतं? आणि बाळ कोरडं पडतं म्हणतात ते खरं आहे का?

अगं, तुला तूच म्हणते, माझ्या भाचीएवढी आहेस.

तू विचारतेस किती तास. पण त्याच्या आधीची एक गोष्ट तू न तपासता मान्य करून टाकलीस, ती म्हणजे लवकर गेलं की सिझर होतं. जाऊबाई लवकर गेल्या हे खरं, त्यांचं सिझर झालं हेही खरं, पण एकामुळे दुसरं झालं हे कोणी सांगितलं? बाळाचे ठोके कमी झाले होते का, बाळ पायाळू होतं का, पाण्याचा रंग हिरवा होता का, कळांचं औषध किती वेळ देऊन बघितलं, यातलं एकही तुझ्या पत्रात नाही, आणि माझा अंदाज असा की घरातही कोणी विचारलेलं नाही. डिस्चार्ज कार्डावर कारण लिहिलेलं असतं. जाऊबाईंकडे ते असेल तर एकदा शांतपणे बघा दोघी बसून. कदाचित कारण पटेल, कदाचित नाही पटणार, पण निदान अंदाजावर तुझं बाळंतपण ठरणार नाही.

मी लेबर रूममध्ये बरीच वर्षं ड्युटी केलेली बाई आहे, त्यामुळे आधी एक सरळ सांगते. पाणी गेल्यावर दवाखान्यात जाऊन तपासून घेणं हा एक निर्णय आणि तिथे गेल्यावर कळा सुरू करायच्या का वाट बघायची हा दुसरा निर्णय. तुमच्या घरात या दोन्हींची गाठ मारून ठेवलीय, म्हणून सगळे घाबरून पहिलाच निर्णय लांबवायला बघतायत. पहिल्यात घासाघीस करूच नको. जायचं, तपासायचं. बोलायची, विचारायची, थांबू का म्हणायची जागा दुसऱ्या निर्णयात आहे आणि तिथे तुझं म्हणणं मांडायला भरपूर वाव असतो.

आता पाणी जाणं म्हणजे काय ते बघ, कारण सिनेमे बघून आपल्या डोक्यात भलतंच बसलंय, बाईच्या पायाखाली पाणी सांडलं की पाच मिनिटात बाळ. खरं तर बहुतेक बायकांना आधी कळा सुरू होतात आणि पाणी मध्येच कधीतरी जातं. दिवस भरल्यावर कळांच्या आधीच पाणी जाणाऱ्या शंभरातल्या साधारण ८ ते १० जणी असतात. आणि त्यांच्यातल्याही साधारण ६० टक्के जणींना पुढच्या २४ तासांत आपोआप कळा सुरू होतात, काही न करता. म्हणजे नुसतं पाणी गेलं म्हणून अंग आता काम करणारच नाही असं काही नाही.

मग घाई कशाची? पाण्याची पिशवी शाबूत असते तोवर बाहेरचे जंतू आत जायला अडतात, ती फुटली की रस्ता मोकळा. दिवस भरलेल्या बाळाला गंभीर इन्फेक्शन व्हायचं प्रमाण एरवी २०० मध्ये १ असतं, पाणी आधी गेलं असेल तर ते १०० मध्ये १ होतं. दोन्ही बाजूंनी वाच हे. दुप्पट होतं हे खरं आणि ९९ बाळांना तसं काही होत नाही हेही खरं. म्हणून पाणी गेलं की ओरडत धावायचं कारण नाही आणि जेवून झोपून उद्या बघू म्हणायचंही नाही.

बाळ कोरडं पडतं या गोष्टीने तर पिढ्यानपिढ्या बायकांना घाबरवलंय. गर्भजल म्हणजे आपल्या कूलरच्या टाकीतलं पाणी नाही, की एकदा खाली झालं की कूलर नुसताच गरम हवा फेकत बसला. ते पाणी मुख्यतः बाळाच्या लघवीतूनच तयार होतं आणि फुटल्यावरही बनत राहतं. डोकं खाली बसलेलं असेल तर ते बुचासारखं अडवतं पण, त्यामुळे सगळं एकदम वाहून जात नाही, थोडं थोडं येत राहतं. पाणी फार कमी झालं तर कळांच्या वेळी नाळेवर दाब येऊ शकतो, ते ठोक्यांवर कळतं आणि त्यासाठीच मशीन लावून ठोके बघतात. तेव्हा पाणी गेलं, बाळ कोरडं पडेल, चला सिझरला, एवढंच कोणी म्हणालं तर नम्रपणे विचारायचं की ठोके कसे आहेत आणि थांबलो तर नेमका धोका कोणता.

आता तुझा खरा मुद्दा, नॉर्मल. यावर १९९६ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक मोठा अभ्यास आला होता, कॅनडाच्या डॉक्टर मेरी हॅना आणि त्यांच्या टीमचा, ६ देशांतली ७२ हॉस्पिटलं आणि ५,०४१ बायका, सगळ्यांचे दिवस भरलेले आणि सगळ्यांचं पाणी कळांच्या आधी गेलेलं. काही जणींना लगेच कळांचं औषध दिलं, काहींना चार दिवसांपर्यंत वाट बघू दिली. सिझरचं प्रमाण सगळ्या गटांत जवळपास सारखंच निघालं, शंभरात १० च्या आसपास. बाळांच्या इन्फेक्शनमध्येही मोठा फरक नव्हता. फरक पडला तो आईच्या इन्फेक्शनमध्ये, ज्यांना सलाईनमधून कळांचं औषध लवकर सुरू केलं त्यांच्यात ते कमी होतं. पुढे २००० साली याच बायकांची माहिती पुन्हा तपासली तेव्हा, वाट बघणाऱ्यांपैकी ज्या घरी थांबल्या त्यांच्या बाळांमध्ये इन्फेक्शन जास्त दिसलं, दवाखान्यात थांबलेल्यांपेक्षा. आणि त्या घरी थांबलेल्याही आधी तपासून घेऊन मगच घरी गेल्या होत्या, हे विसरू नको.

यातून तुझ्यापुरतं काय घ्यायचं? घरी थांबून नॉर्मलचा चान्स वाढतो ही जाऊबाईंची थिअरी यात कुठे टिकत नाही. आणि औषधाने कळा आणल्या की सिझर होणारच, या भीतीलाही आधार मिळत नाही.

पण तू लगेच म्हणशील, मावशी, तो परदेशातला अभ्यास, इथे प्रायव्हेटमध्ये तर दुसरी बाई सिझरवालीच. तुझी शंका हवेतली नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरात सिझर २१.५ टक्के होतं, पण प्रायव्हेटमध्ये ४७.४ आणि सरकारीत १४.३. सरकारीतून प्रायव्हेटला जाणाऱ्या, आधीच सिझर ठरवून येणाऱ्या बायका असतात वगैरे सगळं धरलं तरी ही तफावत मोठी आहे. मात्र यावरचा इलाज उशिरा जाणं हा नाही बापा. दवाखाना आणि डॉक्टर आत्ता, ३५व्या आठवड्यात, विचारून पारखणं हा आहे. पुढच्या व्हिजिटला सरळ विचार, दिवस भरल्यावर पाणी गेलं, रंग साफ आहे, ठोके चांगले आहेत, डोकं खाली आहे, तर तुम्ही काय करता? किती वेळ वाट बघता, कळांसाठी आधी जेल किंवा गोळी देता का सलाईन, आणि औषध सुरू केल्यावर किती वेळाने म्हणता की आता होत नाही? पहिलटकरणीला गर्भपिशवीचं तोंड कच्चं असेल तर औषध लागू व्हायलाच सबंध दिवस जाऊ शकतो. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं आहे की आई आणि बाळ ठीक असतील तर पाणी गेल्यानंतर सलाईन निदान १२ ते १८ तास चालवल्याशिवाय ते फेल गेलं असं म्हणू नये. तुझ्या डॉक्टरांनी नेमका हाच आकडा सांगावा असं नाही, पण त्या या प्रश्नावर चिडल्या किंवा हसून टाळलं तर ते उत्तरच समज. बदलायचं असेल तर ३६व्या आठवड्यात डॉक्टर बदलता येतो, पाणी गेल्यावर नाही.

आणि सिझरचं कारण खरं असू शकतं हे पण मनात ठेव. ठोके उतरणं, बाळ आडवं असणं, रक्त जाणं, ताप येऊन इन्फेक्शन वाढणं आणि गर्भपिशवीचं तोंड पुढे न उघडणं, अशा वेळी नॉर्मल नॉर्मल करत बसणं म्हणजे बाळाशी खेळ. नॉर्मलच हवी असं तू लिहिलंस त्यातला च मला जरा खटकला. हवी म्हण, प्रयत्न कर, पण च काढ.

टाइम खोटा सांगायचा सल्ला मात्र मला बिलकुल पटला नाही, आणि जाऊबाईंना राग आला तरी चालेल. पाणी गेलेली बाई आली की आम्ही पहिला प्रश्न हाच विचारतो, किती वाजता गेलं, आणि तो रजिस्टरला लिहितो. कारण इन्फेक्शनचा हिशोब त्या वेळेपासून सुरू होतो. १२ ते १८ तास उलटून गेले की बरेच डॉक्टर आईला अँटिबायोटिक सुरू करतात. बाळ जन्मल्यावर बाळाच्या डॉक्टरलाही तोच आकडा लागतो, बाळावर लक्ष किती ठेवायचं, रक्त तपासायचं का हे ठरवायला. तू चार तास लपवलेस तर फसवलंस कोणाला? ज्या औषधाची गरज होती ते चार तास उशिरा मिळेल, बस. वेळ पाहिजे असेल तर खरा टाइम सांगून वर म्हण, मॅडम, मला थोडी वाट बघायचीय, चालेल का.

एरंडेल नको. सासूबाईंना म्हणावं डॉक्टरनी मनाई केलीय, माझं नाव सांगितलंस तरी चालेल. त्याने जुलाब, उलट्या, पोटात मुरडा, आणि आपल्याकडे मे-जूनमध्ये पारा ४५ ला टेकलेला असताना आधीच अंगातलं पाणी आटलेलं असतं, त्यात बाळंतपणाच्या दिवशी जुलाब म्हणजे कठीणच.

आता प्रत्यक्ष त्या क्षणी काय करायचं. आधी घड्याळ बघ आणि टाइम मोबाइलमध्ये टाइप कर. स्वच्छ साधं पॅड लाव, टॅम्पॉन किंवा कप आत घालायचा नाही, शरीरसंबंधही नाही. पॅडवरचा रंग बघ, वाटल्यास फोटो काढून ठेव, दवाखान्यात दाखवायला सोपं जातं. पाण्यासारखं, फिकट पिवळसर किंवा किंचित गुलाबी असेल आणि फार वास नसेल तर ठीक. शॉवर किंवा दोन तांबे पाणी घेऊन आवरलं तर हरकत नाही, पण केस धुऊन वाळवून मग निघू असलं काही नको. हलकं काही खाऊन पाणी, ताक पिऊन निघ, तर्री पोहा मात्र त्या दिवशी नको. तिथे पोचल्यावर पुढचं खाणं विचारून. दवाखान्यात फोन करून कळव आणि तासाभरात पोचू असा बेत ठेव. धंतोलीत गाडी लावायला जागा मिळत नाही हे तुला माहीतच आहे, तेव्हा नवऱ्याने तुला दारात उतरवायचं आणि मग पार्किंग शोधत फिरायचं, तुला बरोबर फिरवायचं नाही.

हे सगळं रंग साफ आणि बाळ हलतंय तेव्हाचं. पाणी हिरवं किंवा तपकिरी असेल तर बाळाने पोटात शी केलेली असू शकते. घाण वास, थंडी वाजून ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याच्या वर, पाळीसारखं लाल रक्त, बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं काहीही असलं तर आवरायलाही थांबू नको, तशीच निघ. आणि सगळ्यात वाईट पण फार क्वचित होणारी गोष्ट म्हणजे पाण्याबरोबर नाळ खाली येणं. योनीत किंवा बाहेर दोरीसारखं काही लागलं, दिसलं, तर त्याला हात लावायचा नाही, आत ढकलायचं नाही, गुडघे आणि छातीवर ओणवी हो, कंबर वर डोकं खाली, आणि घरच्यांनी १०८ ला फोन करायचा. हे बाळाचं डोकं वर असतं, बाळ पायाळू किंवा आडवं असतं किंवा गर्भजल खूप जास्त असतं तेव्हा जास्त होतं. म्हणून ३६-३७व्या आठवड्यात डॉक्टरला विचारून घे, डोकं खाली आहे का आणि बसलंय का. पहिलटकरणीचं बरेचदा शेवटच्या आठवड्यांत बसतं. बसलेलं नसेल तर पाणी गेल्यावर उभं राहून बॅग भरत बसायचं नाही, आडवी हो आणि आडवीच निघ.

पाणीच आहे का लघवी का घाम, हा घोळ आपल्या उन्हाळ्यात फार होतो, दुपारी सगळंच ओलं असतं. लघवी करून ये, कोरडं पॅड लाव, अर्धा तास डाव्या कुशीवर पड आणि मग उभी राहा. उठल्यावर परत भसकन आलं, पॅड भिजलं, तर पाणी धरून चाल. तरी शंका उरली तर जाऊन दाखव, रात्रीचे दोन वाजले असले तरी. लघवीच निघाली म्हणून कोणी हसणार नाही, आमच्याकडे रोज एखादी तरी तशी यायची.

दवाखान्यात पोचल्यावर एक गोष्ट तुझ्या हातात आहे. आतून तपासणी जितक्या वेळा तितकं इन्फेक्शन वाढायची शक्यता, हे त्याच हॅनांच्या अभ्यासातल्या माहितीवरून नंतर दिसलंय. कळा नसताना तर बोटं घालून तपासायची घाई नसते, साधनाने बघून पाणी गेल्याची खात्री करता येते. म्हणून प्रत्येक वेळी वेगळी सिस्टर, वेगळे ज्युनिअर डॉक्टर तपासायला आले तर विचार, मघाशीच झाली, आता गरज आहे का? विचारायला लाज कसली. तुला जमणार नाही, कळांमध्ये कोणालाच जमत नाही, म्हणून हे वाक्य नवऱ्याला पाठ करायला लाव. तुम्ही बायकांनी ठरवा म्हणून सुटायचं नाही म्हणावं, तुझं काम हेच.

तुझ्यासारख्याच पण थोडी वेगळी परिस्थिती असलेल्यांसाठी दोन शब्द. ३७ आठवड्यांच्या आत पाणी गेलं तर वरचं तासाभराचं गणित सोडा आणि नवजात बाळांचं अतिदक्षता युनिट जिथे आहे तिथेच थेट जा. तिथे बाळाच्या फुफ्फुसांसाठी इंजेक्शन, अँटिबायोटिक आणि कधी कधी मुद्दाम वाट बघणं असा सगळा वेगळा प्लॅन असतो. (तू स्वतः आज ३५ मध्ये आहेस, म्हणजे पुढचे दोन आठवडे हे तुलाही लागू आहे, दवाखान्यात असं युनिट आहे का ते आजच विचार.) आधीचं सिझर असलेल्या बाईनेही घरी थांबायचं नाही, आणि कळांची गोळी कोणी देऊ केली तर आधी टाक्याबद्दल सांगायचं. आणि खर्चाची काळजी असेल तर मेडिकल, मेयो, डागा ही नागपुरातली सरकारी रुग्णालयं आहेत, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी दवाखान्यात नॉर्मल काय नि सिझर काय, औषधं, तपासण्या, जेवण आणि १०२ ची गाडी, सगळं मोफत आहे. नाव आधी नोंदवून ठेवलं, दर महिन्याच्या ९ तारखेची मोफत तपासणी केली, की ऐनवेळी अनोळखी वाटत नाही.

राहिला उमरेडचा प्रश्न. आईचं मन मी समजू शकते, पहिलं बाळंतपण माहेरी ही आपली रीत. पण डॉक्टर धंतोलीत, फाइल धंतोलीत, आणि तू ४५-५० किलोमीटरवर, रात्री पाणी गेलं आणि डोकं वर असलं तर तो रस्ता फार लांब वाटेल गं. दोनच गोष्टी होऊ शकतात. एक, उमरेडलाच करायचं असेल तर आत्ताच तिथल्या दवाखान्यात नाव घाल, तिथे सिझरची सोय आहे का, रक्त मिळतं का, बाळाचा डॉक्टर येतो का हे बघून, आणि फाइलची झेरॉक्स तिकडे दे. दुसरी, आणि मला हीच बरी वाटते, आईने ३७वा लागला की बेसाला यावं, आणि बाळ झाल्यावर तू सव्वा महिना उमरेडला जाऊन राहावं. विहीणबाई आपल्या घरी मुक्कामाला, हे सासूबाईंना पटवायला जड जाईल, कळतं मला. ते तू बोलू नको, तुझ्या नवऱ्याने बोलावं, आणि याच रविवारी बोलावं.